मुका नादकाटा

सिबालोम, १२ जुलै १९८१

प्रिय यानो,

तुझं पत्र पोचलं. आधी मला वाटलं, जमिनीच्या कराची नोटीसच आली. टाइप केलेला मजकूर, वर विद्यापीठाचं नाव, आणि खाली सहीच्या जागी रबरी शिक्का! पोस्टमन बिचारा घाबरून विचारतो, "मनांग सेरिंग, काही जप्ती वगैरे नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे, धाकट्या भावाने खुशाली विचारलीय. मोठी माणसं अशीच विचारतात." सख्ख्या मनांगला, थोरल्या बहिणीला, शिक्का मारणारा आपल्या घराण्यात तूच पहिला. आईबाबा असते तर त्यांनाही पावती पाठवली असतीस.

असो. कामाचं सांगते. माझ्या नेनिताचं लग्न ठरलं. मुलगा रोमुलो, इथल्या भाताच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करतो. बोलतो कमी, जेवतो भरपूर, म्हणजे जावई म्हणून चालेल. लग्न डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी. तिचे वडील गेले त्याला आता सहा वर्षं झाली, तेव्हा तिला हाताला धरून वेदीपर्यंत न्यायचा मान मामाचा. तुला भाषण करायचं नाही, डुक्कर भाजायचं नाही, फक्त चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत चालायचंय. चालता येतं ना अजून, की त्यालाही विद्यार्थी ठेवलेत?

तीन वर्षांत तू घरी फिरकला नाहीस. आठ पायांचे कोळी माणसांच्या घरी जाळी विणून राहतात हे ऐकलं होतं. त्यांच्या अभ्यासापायी माणूसच कोळ्यांच्या घरी राहायला गेलेला आमच्या गावाने प्रथमच पाहिला.

तुझी
मनांग सेरिंग

*

लोस बान्योस, २७ जुलै १९८१

प्रिय मनांग,

नेनिताला आशीर्वाद. डिसेंबरचं आत्ताच काही सांगता येत नाही. टाइप करतो कारण माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, तुला काय वाचता येणार?

एक काम होतं. चर्चच्या गाणाऱ्या मुलींना सूर देण्यासाठी तुझ्याकडे नादकाटा आहे ना? आणि तुझ्या मागच्या ओसरीच्या वळचणीला दर पावसाळ्यात फुलीवाली कोळीण जाळं करते, तीच ती, जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या रेशमाची फुली काढून तिच्यावर आठ पाय पसरून उलटी लटकणारी. नादकाटा वाजव आणि त्याचं टोक जाळ्याच्या एखाद्या आऱ्याला, म्हणजे मधून कडेला जाणाऱ्या धाग्याला, अलगद टेकव. ती काय करते ते लिही. वारा आला, पान पडलं, माशी अडकली, तर काय करते तेही लिही. माझ्या पुस्तकातलं हे प्रकरण अडलंय. विद्यार्थी निकामी आहेत. तुझा हात स्थिर आहे आणि नजर तर गावाला माहीत आहेच.

यानो

*

सिबालोम, १६ ऑगस्ट १९८१

प्रोफेसर डॉक्टर सिप्रियानो साहेबांच्या सेवेशी,

लग्नाचं आमंत्रण दिलं आणि उत्तरात गृहपाठ आला. धन्य आहे! जिला मी आयुष्यभर केरसुणीने खाली पाडत आले, तिच्यासमोर आता स्टूल टाकून बसते. शेजारणी विचारतात, मनांग काय करताय? मी सांगते, कोळिणीला गाणं शिकवतेय, माझ्या गाणाऱ्या मुलींपेक्षा ही लवकर शिकेल.

तिचं नाव मी सेन्योरा ठेवलंय, कारण ती दिवसभर काही करत नाही आणि तरी सगळं तिच्याच मनासारखं होतं.

तर ऐक. काटा गुडघ्यावर आपटला, तो गुणगुणायला लागला, आऱ्याला टेकवला. सेन्योरा अशी धावली की मी स्टुलावरून पडता पडता वाचले. आली, आणि काट्याला भराभर रेशीम गुंडाळायला लागली! चावायच्या आधीच आवळायचं, हे मला आवडलं. वारा आला तर सगळं जाळं हेलकावतं, पण ती ढिम्म. वाळकं पान पडलं तेव्हा मात्र गंमत केली. मधोमध बसल्या बसल्या तिने पायांनी धागे ताणले, एक झटका इकडे, एक झटका तिकडे. जणू दार वाजवून विचारतेय, "आत कोण आहे?" पान काय उत्तर देणार! मग शांतपणे गेली, धागे तोडून पान खाली टाकलं. मी माझं बोट टेकवून धरलं, तेव्हाही तसेच दोन झटके दिले आणि गप्प बसली. माझ्यात खाण्यासारखं काही उरलं नाही हे तिलाही कळलं.

काल एक नर आला होता, तिच्यापुढे नखाएवढा. कडेला बसून एक धागा तोडक्या तालात छेडत होता, थांबत होता, परत छेडत होता. आमचा रोमुलो नेनिताच्या खिडकीखाली गिटार घेऊन असाच उभा असायचा, आणि एकच गाणं यायचं त्याला. सेन्योराने ऐकून घेतलं, जवळ येऊ दिलं. सकाळी नराचं नुसतं टरफल लोंबत होतं. हे मी नेनिताला सांगितलं, तर म्हणते, "आई, चांगली कल्पना आहे."

आता माझा प्रश्न. डिसेंबरात येतोस ना? हो की नाही, दोनच अक्षरं. टाइप करायलाही वेळ लागणार नाही.

सेरिंग

*

लोस बान्योस, २ सप्टेंबर १९८१

प्रिय मनांग,

उत्तम! अगदी हेच हवं होतं. तिला डोळे आठ आहेत, पण उजेड बेताचाच. तिचं सगळं जग पायांतून येतं. पायांच्या सांध्यांजवळ अगदी बारीक चिरा असतात. धागा हलला की पाय किंचित वाकतो, चीर किंचित मिटते, आणि तेवढ्यावरून तिला कळतं की हा वारा, ही माशी, हा नवरदेव. माशीची थरथर वेगळी, तडफडणाऱ्या नाकतोड्याचे झटके वेगळे. जे स्वतः हलत नाही त्याला ती झटका देऊन बघते. तू लिहिलेलं दार वाजवणं पुस्तकात घालतो.

आता एक महत्त्वाचं. काटा न वाजवता, म्हणजे मुका काटा, नुसता आऱ्याला टेकवून धर. इथल्या कोळिणी बिघडल्यात. मुका काटा टेकवला तरी धावून येतात आणि त्याला गुंडाळतात. मी जाळी बदलली, बाग बदलली, गेल्या महिन्यात तर डोंगरावर जाऊन बघितलं. सगळ्या तशाच मूर्ख. बहुतेक या भागातली जातच उतावळी असावी. तुझीही तसंच करते का, तेवढं लवकर कळव. दोन-तीनदा करून बघ.

डिसेंबरात एक परिषद आहे. येणं जमणार नाही. नेनितासाठी भेट पाठवतो.

यानो

*

सिबालोम, १९ सप्टेंबर १९८१

सिप्रियानो,

मुका काटा टेकवला. पुष्कळदा टेकवला. सेन्योरा येत नाही. दोन झटके देते आणि बसून राहते. तिला अक्कल आहे. तुझ्याकडच्या सगळ्या मूर्ख आणि माझी एकटी शहाणी, म्हणजे आपल्या घरातली जुनीच परिस्थिती.

भेट पाठवू नकोस. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत नेनिता भेटवस्तूच्या आधाराने जाणार नाही. तुझी परिषद पळून कुठे जात नाही आणि पोरीचं लग्न एकदाच होतं. रोमुलोच्या आईने काल सगळ्यांसमोर विचारलं, "प्रोफेसरांना गिरणीतला जावई कमीपणाचा वाटतो का हो?" मी हसले. एवढं खोटं मी आयुष्यात हसले नव्हते. नेनिता स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

तुला शाळेत पाठवायला बाबांनी म्हैस विकली तेव्हा परिषद घेतली नव्हती.

तुझ्या कोळिणींचं काम इथे संपलं. काटा मुलींच्या गाण्यासाठी परत नेला.

सेरिंग

*

लोस बान्योस, ४ ऑक्टोबर १९८१

मनांग,

तुझा राग कळला. कमीपणाचा प्रश्नच नाही, रोमुलोच्या आईला तसं सांग.

मुक्या काट्याचं तू नक्की नीट पाहिलंस ना? धरताना हात भिंतीला टेकवला होतास का? वारा नव्हता ना? एकदा, शेवटचं, पुन्हा करून बघ. माझ्यासाठी बघ.

यानो

*

सिबालोम, २२ ऑक्टोबर १९८१

प्रिय यानो,

पत्र मिळालं त्या दिवशी मी ते चुलीत घालणार होते. "नीट पाहिलंस ना" म्हणे! मी डोळे मिटून काटा धरला होता असं वाटलं तुला? पण "माझ्यासाठी बघ" हे तुझ्या टाइपरायटरला शोभत नव्हतं, म्हणून पत्र ठेवलं आणि काटा पुन्हा घेतला.

सेन्योरा पहिल्यासारखीच. मुका काटा, दोन झटके, गप्प.

तेवढ्यात तिओ फ्रोइलान फणसाची टोपली परत द्यायला आले. आठवतात ना, आपल्या चर्चची घंटा वाजवायचे? आता वाजवत नाहीत. दोरी त्यांच्या हातात राहत नाही. मी काय करतेय ते बघून म्हणाले, "आण इकडे, कोळ्यांशी कसं बोलायचं ते मला माहीत आहे. लहानपणी काडेपेटीत पाळून लढवलेत." काटा माझ्या हातातून घेतला. वाजवला नाही, नुसता टेकवला.

ती धावून आली, यानो. नाकतोडा तडफडतोय असं समजून आली आणि काटा गुंडाळायला लागली. म्हातारा खुदखुदून हसला. म्हणाला, "बघ, अजून कुणालातरी मी ताजा वाटतो!" मीही हसले. मग मी त्यांच्या हाताकडे बघितलं. काटा धरलेला तो हात सारखा बारीक हलत होता.

ते गेले आणि मी स्टुलावर बसून राहिले. त्या दिवशी भात करपला, एवढंच सांगते.

तुझ्या कोळिणी मूर्ख नाहीत ना रे?

टाइपरायटर. शिक्का. "तुझा हात स्थिर आहे." मी बेअक्कल, तीन महिने तुला गर्विष्ठ म्हणत बसले आणि तू ते बसू दिलंस.

कधीपासून?

मनांग

*

लोस बान्योस, ५ नोव्हेंबर १९८१

प्रिय मनांग,

दोन वर्षं होत आली. कंपवात. आधी उजवा हात, आता डावाही.

पहिल्यांदा मला कोळिणीनेच सांगितलं. डॉक्टरांना कळायला त्यानंतर बरेच महिने गेले. बागेत रोजच्यासारखा मुका काटा टेकवला आणि ती धावून आली. मी हाताकडे बघितलं, हात मला स्थिर दिसत होता. म्हटलं, हिचं काहीतरी बिघडलंय. दुसरी बघितली, तिसरी बघितली. ज्या प्राण्याच्या पायांवर मी वीस वर्षं व्याख्यानं दिली, त्या पायांनी माझ्याबद्दल सांगितलेलं मात्र मला खरं वाटेना. मग पेला हलायला लागला, खडू हलायला लागला. फळ्यावरचं माझं वर्तुळ बघून मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "सरांनी सकाळीच घेतलेली दिसते." वर्ग हसला. मीही हसलो आणि दुसऱ्या दिवसापासून तोंडीच शिकवायला लागलो.

तुला पुस्तकासाठी काटा धरायला लावला हे अर्धंच खरं. तुझी सेन्योराही मुक्या काट्यावर धावून येते, असं तू लिहावंस अशी माझी इच्छा होती. तुझा हात तर ठणठणीत. तिने धाव घेतली असती तर दोष कोळिणींचा ठरला असता. हसू नकोस. शिकलेला माणूस आशा धरायला लागला की अडाण्यापेक्षा वाईट दिसतो.

आता लग्नाचं. भर चर्चमध्ये, गाव दोन्ही बाजूंनी उभं, आणि माझ्या लटपटत्या हातात नेनिताचा हात! लोक म्हणतील, मनिलाकडे जाऊन प्यायला शिकला. किंवा कीव करतील, ते त्याहून वाईट. हात दाखवून अवलक्षण कशाला? त्यापेक्षा गर्विष्ठ म्हणू देत.

परिषद नाही. ती मी रचली होती.

यानो

*

सिबालोम, १४ नोव्हेंबर १९८१

प्रिय यानो,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहितेय, म्हणजे तुला बोट पकडायला वेळ मिळेल.

थरथरणारा मामा आणि माजलेला मामा यांत तू माजलेला निवडलास. वा! वीस वर्षं व्याख्यानं देऊन हीच अक्कल आली? कीव करतील म्हणे. इथे लोकांना स्वतःची कीव करायला वेळ पुरत नाही, तुझी कधी करतील?

आणि मला का नाही सांगितलंस, हे मी विचारणार नाही. विचारलं तर मला रडू येईल, आणि मग तुला वाटेल की बघा, म्हणूनच सांगत नव्हतो.

नेनिताला मी सांगितलं. तुला विचारलं नाही, हवं तर रागाव. तिने ऐकून घेतलं, हातातला झगा शिवायचा थांबवला आणि म्हणाली, "म्हणजे मामाला रोमुलो आवडत नाही असं नाही?" मी म्हटलं, "नाही गं." तर ती रडायला लागली, मग हसायला लागली. म्हणाली, "हात हलतो तर हलू दे. तो मला धरणार आहे की मी त्याला?"

बाकी तुझ्या सुटाला इस्त्री इथे करू. तू नुसता ये. नाही आलास तर तिला मी घेऊन चालेन आणि सगळ्या गावाला मोठ्याने सांगेन की प्रोफेसर कोळिणीला घाबरून घरी बसलेत.

मनांग

*

सिबालोम, १३ डिसेंबर १९८१

प्रिय यानो,

तू बोटीवर चढलास आणि तुझ्या मागे जे घडलं त्याची बातमी देणं माझं कर्तव्य आहे.

तुला वाटलं होतं, गाव तुझ्या हाताकडे बघेल. पण नेनिता दारातूनच अशी कापायला लागली होती की तिच्या फुलांच्या पाकळ्या वाटभर सांडत गेल्या. मी पुढच्या बाकावरून बघत होते. दोघं एकमेकांना घट्ट धरून येत होतात आणि दोघांचे हात असे हलत होते, की कोण कुणामुळे हलतंय ते मलाही सांगता येईना. वेदीपाशी तिचा हात रोमुलोच्या हातात देताना तुझी तर दोनदा चुकामूक झाली. रोमुलोने शेवटी दोन्ही हातांनी तुमचे दोन्ही हात पकडले आणि तिथेच उभा राहिला. फादर थांबले.

आणि आता निकाल ऐक. गावाने ठरवलंय की तुला गहिवरून आलं होतं! तिओ फ्रोइलानची बायको विहिरीवर सांगतेय, "तो दगड कसा पाघळला बघितलंत? पोटच्या पोरीसारखी माया!" रोमुलोची आई डोळे पुसत माझ्या गळ्यात पडली आणि सगळे शब्द मागे घेतले. फादरांची बहीण, जी पंधरा वर्षं कुणाबद्दल बरं बोललेली नाही, ती म्हणाली, शिकलेला असून काळीज किती कोवळं! दोन विधवांनी तू पुन्हा कधी येणार याची चौकशी केली. गर्विष्ठ म्हणून चांगलं नाव कमावलं होतंस, ते एका सकाळीत घालवलंस. आता निस्तर.

एवढं हसून झाल्यावर एक सांगते. मेजवानीत तू काही खाल्लं नाहीस. सूप आलं तर भूक नाही म्हणालास. कॉफी आली तर सोडली आहे म्हणालास. पाणी तू मागच्या ओसरीवर जाऊन, भिंतीकडे तोंड करून प्यायलास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि हाक मारली नाही. मारायला हवी होती, असं तेव्हापासून वाटतंय. एवढं चालून आलास आणि पाणी प्यायला भिंतीकडे तोंड केलंस, यानो. हे चर्चमधल्या कौतुकाने भरून निघत नाही.

मनांग

*

लोस बान्योस, २३ डिसेंबर १९८१

प्रिय मनांग,

विधवांना सांग, मी कुणाच्याही जाळ्यात यायला तयार आहे, पण सकाळी टरफल लोंबेल या अटीवर नाही.

खिडकीतून पाहिलंस हे मला माहीत होतं. हाक मारली नाहीस याबद्दल उपकार मानू की भांडू, ते बोटीवर बसून ठरवत होतो. तिथे झालं ते लिहितो.

इलोइलोहून बोट सुटली. माझ्या शेजारच्या खाटेवर सुक्या मासळीची एक व्यापारीण होती, धिप्पाड, सोन्याचा दात, सगळ्या डेकला ऐकू जाईल असा आवाज. सकाळी तिने थर्मास उघडला आणि विचारलंही नाही, कप काठोकाठ भरून माझ्यापुढे धरला. नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं आणि वास फार चांगला होता. घेतला. अर्धी कॉफी माझ्या पँटवर, थोडी तिच्या चादरीवर. ती ओरडली, "अहो दादा, बोट तर हलत नाहीये!"

आजूबाजूचे सगळे बघायला लागले. गुरं बघतात तसे, निवांत. काहीतरी शहाण्यासारखं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो, आणि तोंडातून आलं, "बाई, मला कंपवात आहे." मोठ्याने आलं, कारण तिच्याशी हळू बोलताच येत नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला तोंडाने सांगितलेलं नव्हतं. तुलाही टाइप करूनच सांगितलं.

ती म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं? चादर धुतलेली होती माझी." माझ्या हातातला कप काढून घेतला, झटकला, परत भरला. या वेळी अर्धाच. तो माझ्या दोन्ही हातांत नीट बसवला आणि म्हणाली, "एवढाच घ्या. संपला की मागा."

समोरचे लोक परत आपल्या पत्त्यांच्या डावाकडे वळले.

मनिला येईपर्यंत मी चारदा मागितला.

यानो